जागा आणि पल्ला : इंग्रजीतल्या 'किती' सांगणाऱ्या शब्दांचा आढावा

'माय ऑल फ्रेंड्स', 'माय बोथ हँड्स', 'आय लाइक व्हेरी मच धिस साँग', 'एनीबडी डिड नॉट कम'. मराठी माणसाच्या इंग्रजीत या चुका शाळेपासून असतात आणि पदवी मिळाली, नोकरी लागली, परदेशात बिऱ्हाड थाटलं तरी पुष्कळांच्या सुटत नाहीत. वाक्यातले शब्द ओळखीचे आहेत, म्हणणं काय तेही कळतं. चुकली आहे ती एका शब्दाची जागा, आणि चारही ठिकाणी तो शब्द एकाच कुळातला आहे : किती, केवढं, कितपत हे सांगणारा.

व्याकरणाच्या पुस्तकांत हे कुळ विखुरलेलं असतं. 'ऑल' आणि 'बोथ' विशेषणांच्या धड्यात, 'व्हेरी' आणि 'इनफ' क्रियाविशेषणांच्या धड्यात, 'सच अ' उपपदांच्या धड्यात आणि 'ओन्ली' शेवटी 'नेहमीच्या चुका' या यादीत. त्यामुळे विद्यार्थ्याच्या पदरी सुटे नियम आणि त्याहून अधिक अपवाद पडतात. हे शब्द एकत्र मांडून पाहिले तर त्यांच्यामागे बरीच शिस्त दिसते. इंग्रजीत अशा शब्दाची जागा बहुतेक वेळा त्याचा पल्ला सांगते, म्हणजे त्याचा अर्थ वाक्याच्या कोणत्या भागापर्यंत पोचतो ते. मराठीत हे काम पुष्कळदा 'च', 'ही', 'सुद्धा' ही शब्दाला चिकटणारी अव्ययं करतात, इंग्रजीत ते जागेला करावं लागतं. उरलेल्या काही जागा निव्वळ इतिहासाने ठरलेल्या आहेत. त्या पाठ कराव्या लागतात, पण त्या मोजक्याच आहेत.

नामाच्या पुढची रांग

आधी साम्य पाहू, कारण ते मोठं आहे. जोसेफ ग्रीनबर्ग या अमेरिकी भाषाशास्त्रज्ञाने १९६३ मध्ये जगभरच्या भाषांतली शब्दक्रमाची सूत्रं मांडली. त्यातलं एक असं : दर्शक, संख्या आणि गुणविशेषण हे तिन्ही नामाच्या आधी येत असतील, तर ते त्याच क्रमाने येतात. 'ही तीन मोठी घरं' आणि 'दीज थ्री बिग हाउसेस' यांत काडीचाही फरक नाही. मराठी मुलाला इंग्रजी नामसमूहाचा हा मधला भाग शिकवावाच लागत नाही.

घोडं अडतं ते रांगेच्या अगदी पुढच्या टोकाला. क्वर्क, ग्रीनबाउम, लीच आणि स्वार्तविक यांच्या १९८५ च्या बृहद्व्याकरणाने इथे तीन घरं आखून दिली, आणि शिकवायला ती आजही सर्वांत सोयीची आहेत. मधल्या घरात 'अ', 'द', 'धिस', 'माय', 'सम', 'एनी', 'ईच', 'एव्हरी', 'नो'. त्याच्या आधीच्या घरात 'ऑल', 'बोथ', 'हाफ', 'डबल', 'ट्वाइस', 'सच'. नंतरच्या घरात संख्या आणि 'मेनी', 'फ्यू', 'लिटल', 'सेव्हरल'. 'ऑल माय थ्री ब्रदर्स' यात तिन्ही घरं ओळीने भरलेली दिसतात.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, 'ऑल' आणि 'बोथ' हे 'माय'च्या बाहेर उभे राहतात. मराठीत 'माझे सगळे मित्र', 'माझे दोन्ही हात' हा सरळ क्रम, म्हणून आपल्याकडून 'माय ऑल', 'माय बोथ' होतं. इंग्रजीत 'माय' किंवा 'द' हे आधी एक ठरावीक समूह आखून देतात आणि मग 'ऑल' त्या अख्ख्या समूहाचं माप घेतं. माप घेणारा शब्द मापल्या जाणाऱ्या समूहाच्या बाहेरच हवा.

दुसरी गोष्ट, मधल्या घरात एकाच शब्दाला जागा असते. 'माझे काही मित्र', 'हे माझं पुस्तक' ही मराठीत साधी रचना, पण 'माय सम फ्रेंड्स' किंवा 'धिस माय बुक' इंग्रजीत बसत नाही, कारण दोन्ही शब्द एकाच घरातले आहेत. मग 'ऑफ' मदतीला येतं : 'सम ऑफ माय फ्रेंड्स', 'धिस बुक ऑफ माइन'. 'ऑल', 'बोथ', 'हाफ' यांना 'ऑफ' घेतलं तरी चालतं, न घेतलं तरी चालतं. 'मोस्ट', 'सम', 'मेनी' यांना 'द'च्या आधी यायचं तर 'ऑफ' लागतंच. आणि पुढे 'देम', 'अस' असं सर्वनाम असेल तर 'ऑल'लाही त्याच्यावाचून गत्यंतर नाही : 'ऑल ऑफ देम'.

'मेनी'चं उदाहरण जवळून पाहण्यासारखं आहे. 'द मेनी प्रॉब्लेम्स' आणि 'मेनी ऑफ द प्रॉब्लेम्स' या दोन्ही रचना शुद्ध आहेत, पण अर्थ एक नाही. पहिल्यात 'मेनी' हे 'द'च्या आत आहे. तिथे ते समूहाचं वर्णन करतं : अडचणी आहेत आणि त्या पुष्कळ आहेत. दुसऱ्यात ते बाहेर आहे. तिथे ते समूहाचा हिस्सा तोडून दाखवतं : ठरावीक अडचणींपैकी पुष्कळशा. आत असेल तर वर्णन, बाहेर असेल तर हिस्सा, हे एवढं सूत्र हाती आलं की 'द फ्यू फ्रेंड्स आय हॅव' आणि 'अ फ्यू ऑफ माय फ्रेंड्स' यांतला फरक वेगळा शिकवावा लागत नाही.

'अ फ्यू'मधलं 'अ' अनेकवचनी नामाआधी कसं, हा प्रश्न हुशार मुलं विचारतातच. 'अ फुल टेन इयर्स', 'अनदर टेन डेज', 'अ गुड मेनी पीपल' या रचना शेजारी ठेवल्या की उत्तर मिळतं. इथे 'अ' सुट्या वस्तूंचं नसून त्या संख्येचं आहे. दहा वर्षं हा एक अखंड काळ, दहा दिवस ही एक मुदत. मोजलेली रास एक धरून तिला 'अ' लावलं जातं.

आपल्या 'दीड', 'अडीच' यांना इंग्रजीत एकशब्दी जोड नाही. 'टू अँड अ हाफ किलोज' असं जोडकाम करावं लागतं. दीड तासासाठी 'ॲन आवर अँड अ हाफ' किंवा 'वन अँड अ हाफ आवर्स' असे दोन क्रम आहेत. अर्ध्या तासाला ब्रिटिश 'हाफ ॲन आवर' म्हणतात. अमेरिकेत त्याच्या जोडीला 'अ हाफ आवर'ही चालतं. या जागा सवयीने बसलेल्या आहेत.

'अ'च्या आधी की नंतर

उपपद आणि विशेषण एकत्र आले की मात्रा सांगणारे शब्द तीन वाटांनी जातात.

पहिली वाट 'व्हेरी'ची. 'अ व्हेरी बिग हाउस'. 'व्हेरी', 'फेअरली', 'एक्स्ट्रीमली' यांचा पल्ला फक्त पुढच्या विशेषणापुरता, म्हणून ते विशेषणाला खेटून, 'अ'च्या आत राहतात.

दुसरी वाट 'सच' आणि उद्गारवाचक 'व्हॉट' यांची. 'सच अ बिग हाउस', 'व्हॉट अ बिग हाउस'. यांचा पल्ला सगळ्या नामसमूहावर असतो. विशेषण नसलं तरी त्यांचं अडत नाही : 'सच अ फूल', 'व्हॉट अ डे'.

तिसरी वाट सर्वांत चमत्कारिक. 'सो', 'टू', 'ॲज', 'हाऊ' हे विशेषणाला जखडलेले असतात, आणि उपपद आलं की विशेषणाला बरोबर घेऊन बाहेर पडतात : 'सो बिग अ हाउस', 'टू हॉट अ डे', 'हाऊ लाँग अ जर्नी'. १९७० च्या दशकापासून भाषाशास्त्रात ही रचना 'बिग मेस' या नावाने ओळखली जाते, कारण 'सो बिग अ मेस' हेच तिचं नमुन्याचं उदाहरण झालं. तिची एक अट शाळेत क्वचितच सांगितली जाते : ही रचना 'अ' असेल तरच होते. अनेकवचनात 'सो बिग हाउसेस' चालत नाही, 'सच बिग हाउसेस' म्हणावं लागतं. 'सो' नामाच्या आधी येऊ शकतं ते 'मेनी', 'मच', 'फ्यू' किंवा 'थोडं' या अर्थाचं 'लिटल' सोबतीला असेल तेव्हाच. मराठीत 'इतकी मोठी घरं', 'इतकं मोठं घर', 'इतकी घरं' या तिन्ही ठिकाणी 'इतका'ने भागतं, म्हणून ही वाटणी आपल्याला मुद्दाम शिकावी लागते. अमेरिकी बोलीत आता 'टू बिग ऑफ अ प्रॉब्लेम' अशी 'ऑफ' घातलेली रचना रूढ झाली आहे. औपचारिक लेखनात ती अजून टाळली जाते.

'क्वाइट' आणि 'रादर' यांना दोन्हीकडे मुभा आहे. 'रादर अ कोल्ड डे' आणि 'अ रादर कोल्ड डे' दोन्ही चालतात. 'क्वाइट'ची ओढ मात्र बाहेरच्या जागेकडे, 'क्वाइट अ गुड बुक'. ही मुभा का, तर हे शब्द विशेषणावाचूनही नामसमूहाला लागू शकतात. 'क्वाइट अ सरप्राइज' होतं, 'व्हेरी अ सरप्राइज' होत नाही. म्हणजे बाहेर उभं राहण्याचा हक्क त्यालाच, ज्याचा पल्ला बाहेरपर्यंत जातो.

'मेनी अ मॅन' ही इतिहासाची खूण. 'अ' हे 'वन'चंच झिजलेलं रूप आहे आणि जुन्या इंग्रजीत आजच्यासारखं उपपद नव्हतंच. तेव्हा 'मेनी'च्या जागी असलेल्या शब्दापुढे एकवचनी नाम सरळ येत असे. मध्ययुगीन इंग्रजीत उपपद रुजलं आणि त्या दोघांच्या मध्ये शिरलं. म्हणून आजही या रचनेत अर्थ अनेकांचा, पण नाम आणि क्रियापद एकवचनी.

'इनफ' : मागून येणारा एकटा

इंग्रजीतले मात्रा दाखवणारे बहुतेक शब्द विशेषणाच्या आधी येतात. 'इनफ' नंतर येतो : 'बिग इनफ', 'क्विकली इनफ'. मराठीत 'पुरेसं मोठं', म्हणून आपली मुलं 'इनफ बिग' म्हणतात. नामाशी मात्र 'इनफ' आजच्या इंग्रजीत आधी येतो, 'इनफ मनी'. नामानंतरची त्याची जुनी जागा 'टाइम इनफ'सारख्या मोजक्या प्रयोगांत उरली आहे.

मागून येण्याचं हे वेगळेपण निरुपयोगी नाही. 'वुई डोंट हॅव इनफ बिग रूम्स' आणि 'वुई डोंट हॅव बिग इनफ रूम्स' ही दोन वाक्यं घ्या. पहिल्यात मोठ्या खोल्यांची संख्या कमी पडते. दुसऱ्यात खोल्यांची संख्या कितीही असो, आकार कमी पडतो. शाळेच्या इमारतीचा अहवाल लिहिणाऱ्या माणसाने यांची अदलाबदल केली, तर नव्या खोल्या बांधायच्या की आहेत त्या भिंती पाडायच्या, इथपर्यंत घोळ होऊ शकतो.

'मोर'ला अशी सोय नाही, म्हणून 'मोर एक्स्पीरिअन्स्ड टीचर्स' या शब्दांचे दोन अर्थ होतात : अधिक अनुभव असलेले शिक्षक, किंवा अनुभवी शिक्षक आणखी काही. मराठीतला 'अधिक अनुभवी शिक्षक' हा प्रयोगही असाच दुहेरी आहे. दोन्ही भाषांत जाहिरात लिहिणाऱ्याने इथे वाक्य फिरवून लिहिणंच बरं.

क्रियापदाच्या बाबतीत अडचण वेगळी. मराठीतलं 'खूप' सगळीकडे चालतं : खूप मोठं, खूप लोक, खूप आवडतं. इंग्रजीत विशेषणाला 'व्हेरी', नामाला 'मेनी' किंवा 'मच', क्रियापदाला 'व्हेरी मच' किंवा 'अ लॉट' अशी वाटणी आहे. शिवाय इंग्रजी क्रियापद आणि त्याचं कर्म यांच्यामध्ये सहसा कोणाला येऊ देत नाही. 'मला हे गाणं खूप आवडतं' यात 'खूप' कर्ता आणि क्रियापदाच्या मध्ये आरामात बसतं. इंग्रजीत ते एक तर शेवटी जातं, 'आय लाइक धिस साँग व्हेरी मच', नाही तर क्रियापदाच्या आधी, 'आय व्हेरी मच एन्जॉइड द साँग'.

फिरते शब्द

'ऑल द बॉइज हॅव गॉन' आणि 'द बॉइज हॅव ऑल गॉन' यांचा अर्थ एकच. 'ऑल', 'बोथ' आणि 'ईच' हे तीन शब्द आपल्या नामापासून सुटून पुढे सरकू शकतात. मराठीतही 'मुलं सगळी गेली' म्हणता येतं, तेव्हा कल्पना परकी नाही. इंग्रजीतली थांबायची ठिकाणं मात्र ठरलेली आहेत : मुख्य क्रियापदाच्या आधी, साहाय्यक क्रियापद असेल तर त्याच्यानंतर, आणि 'आर', 'वेअर' यांसारखं रूप एकटं असेल तर त्याच्याही नंतर. 'दे ऑल लेफ्ट', 'दे हॅव ऑल लेफ्ट', 'दे आर ऑल रेडी'. 'ऑलवेज' आणि 'ऑफन' यांचीही हीच जागा, म्हणून ती एकदा शिकली की दोन कामं होतात.

या फिरण्यावर भाषाशास्त्रात मोठा वाद आहे. डोमिनिक स्पोर्तीश यांनी १९८८ मध्ये असं मांडलं की फिरतो तो 'ऑल' नाहीच. कर्ता मुळात क्रियापदाजवळ असतो, तिथून तो वाक्याच्या सुरुवातीला जातो आणि 'ऑल' मात्र मूळ जागी मागे राहतं. म्हणजे 'ऑल' जिथे दिसतं, तिथून कर्ता गेला आहे. कल्पना देखणी होती आणि कर्त्याच्या मूळ जागेबद्दलच्या सिद्धान्ताला तिने मोठं बळ दिलं. पण तिला एक वाक्य अडवतं. कर्मणि रचनेत कर्ता मुळात क्रियापदानंतर असतो असं हीच मांडणी मानते. मग 'द स्टुडंट्स हॅव बीन सीन ऑल' हे शुद्ध ठरायला हवं, आणि ते कोणताही इंग्रज म्हणत नाही. म्हणून दुसरा पक्ष म्हणतो की फिरता 'ऑल' हे क्रियाविशेषणच मानावं. वाद मिटलेला नाही. शिकणाऱ्याच्या दृष्टीने मात्र दुसऱ्या पक्षाचं म्हणणं अधिक कामाचं आहे, कारण ते जागा अचूक सांगतं.

कर्माच्या बाबतीत सर्वनामाला 'ऑल' मागून लागतं, 'आय सॉ देम ऑल'. नामाला तसं लागत नाही, 'आय सॉ ऑल द बॉइज' असंच म्हणावं लागतं. 'ईच'ला आणखी एक जागा आहे, मोजलेल्या वस्तूच्या मागे : 'दे गॉट टेन रुपीज ईच'. मराठीत आपण संख्येची द्विरुक्ती करून 'दहा दहा रुपये' म्हणतो, ते काम इथे शेवटी बसलेला एक शब्द करतो.

'ओन्ली'ची जुनी तक्रार

या सगळ्या कुळात सर्वाधिक शाई 'ओन्ली'वर खर्च झाली आहे. रॉबर्ट लाउथ यांचं इंग्रजी व्याकरण १७६२ मध्ये निघालं. क्रियाविशेषण ज्या शब्दाशी बांधलेलं, त्याच्याजवळच ते असावं, असा त्यांचा आग्रह होता आणि 'ओन्ली' हे त्यांच्या उदाहरणांपैकी एक. १७९५ च्या लिंडली मरे यांच्या व्याकरणाने लाउथ यांची परंपरा शाळाशाळांत पोचवली. १९२६ मध्ये हेन्री फाउलर यांनी आपल्या इंग्रजी प्रयोगकोशात उलट बाजू घेतली : अर्थाचा घोटाळा होत नसेल तर क्रियापदाआधीचं 'ओन्ली' हीच भाषेची स्वाभाविक रीत आहे, तिला चूक म्हणणं हा काटेकोरपणाचा अतिरेक आहे.

फाउलर बरोबर का होते, याचं शास्त्रीय उत्तर पुढे मिळालं. मॅट्स रूथ यांनी १९८५ च्या प्रबंधात दाखवलं की 'ओन्ली'चा अर्थ वाक्यातल्या आघाताशी बांधलेला असतो. 'मीरा ओन्ली गेव्ह रवी अ पेन' हे वाक्य मोठ्याने म्हणून पाहा. 'रवी'वर जोर दिला तर अर्थ होतो 'मीराने रवीलाच पेन दिलं', इतर कोणाला नाही. 'पेन'वर जोर दिला तर 'मीराने रवीला पेनच दिलं', वही वगैरे काही नाही. शब्द जागचा हलला नाही, तरी वाक्य कधी खरं आणि कधी खोटं ठरेल ते बदललं. आघात जिथे, तिथे मराठीतला 'च'.

पण याच वाक्यातून तिसरा अर्थ निघत नाही. 'मीरानेच रवीला पेन दिलं' हे सांगायला ते वाक्य चालणार नाही, 'मीरा'वर कितीही जोर दिला तरी. त्यासाठी 'ओन्ली मीरा गेव्ह रवी अ पेन' म्हणावं लागतं. क्रियापदाआधी बसलेल्या 'ओन्ली'चा पल्ला पुढे जातो, मागे कर्त्यापर्यंत येत नाही. आघाताला सवलत आहे ती या कुंपणाच्या आत. लाउथ आणि फाउलर यांच्या वादाचा निकाल इथेच लागतो : जागा पल्ल्याची हद्द ठरवते आणि हद्दीच्या आत नेमकं लक्ष्य आघात ठरवतो.

भारतीय इंग्रजीत 'ही ओन्ली टोल्ड मी' म्हणजे 'त्यानेच मला सांगितलं', किंवा 'आय ॲम फ्रॉम पुणे ओन्ली' म्हणजे 'मी पुण्याचाच'. इथे 'ओन्ली' आपल्या 'च'च्या जागी, शब्दाच्या मागे जाऊन बसलं आहे. 'टुडे इटसेल्फ' म्हणजे 'आजच', हेही तसंच. हिंदीसारख्या इतर भारतीय भाषांतही असं मागून लागणारं अव्यय आहे, म्हणून ही रीत देशभर पसरली. आपापसात ती नीट समजते आणि तिची लाज वाटण्याचं कारण नाही. पण 'ही ओन्ली टोल्ड मी' हे वाक्य लंडनचा किंवा शिकागोचा माणूस 'त्याने फक्त मलाच सांगितलं' किंवा 'त्याने नुसतं सांगितलं' असं समजेल. परदेशी कंपनीला पत्र लिहिताना हे ठाऊक असायला हवं.

लेखनात आघात ऐकू येत नाही, म्हणून लाउथ यांचा सल्ला कागदावर अजून मोलाचा आहे. 'रिफंड्स विल ओन्ली बी पेड टू मेंबर्स बाय चेक' अशी अट एखाद्या नियमावलीत असली तर तिचा अर्थ 'सभासदांनाच' की 'चेकनेच'? इंग्रजी मजकूर दोन्ही अर्थ पोटात ठेवून बसतो. मराठी अनुवादकाला ती चैन परवडत नाही, त्याला 'च' कुठे तरी लावावाच लागतो. मुळातच 'ओन्ली टू मेंबर्स' किंवा 'ओन्ली बाय चेक' लिहिलं असतं तर प्रश्न उरला नसता.

'ऑलमोस्ट' आणि 'नीअरली' यांच्या जागेनेही पैशाचा फरक पडतो. 'आय ऑलमोस्ट लॉस्ट अ थाउजंड रुपीज' म्हणजे हजार रुपये जाता जाता राहिले. 'आय लॉस्ट ऑलमोस्ट अ थाउजंड रुपीज' म्हणजे नऊशेच्या वर गेलेच.

वाक्याच्या सुरुवातीला आलेलं 'ओन्ली' आणखी एक उलथापालथ करतं. 'तेव्हाच मला कळलं' हे 'ओन्ली देन डिड आय अंडरस्टँड' असं होतं. साहाय्यक क्रियापद कर्त्याच्या आधी येतं. 'नेव्हर', 'हार्डली' आणि 'लिटल' सुरुवातीला आले तरी तेच घडतं. पण 'ओन्ली रवी केम' यात काही उलटत नाही, कारण तिथे 'ओन्ली' कर्त्याचाच भाग आहे. उलटापालट होते ती नकाराची छटा असलेला, कर्त्याबाहेरचा शब्द पुढे आणला तर.

नकाराच्या अलीकडे आणि पलीकडे

पल्ल्याचा खरा कस नकाराशी गाठ पडल्यावर लागतो. 'ऑल द स्टुडंट्स डिड नॉट पास' याचा अर्थ एकही पास झाला नाही, की सगळे झाले नाहीत, काही झाले? ओटो येस्पर्सन या डॅनिश व्याकरणकाराने १९१७ मध्ये नकारावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला आणि त्यात या दुहेरी अर्थाची चर्चा केली. मराठीत 'सगळे विद्यार्थी पास झाले नाहीत' हेही तितकंच संदिग्ध आहे. इंग्रजीत सुटका सोपी आहे, 'नॉट'ला 'ऑल'च्या आधी आणायचं : 'नॉट ऑल द स्टुडंट्स पास्ड'. दुसरा अर्थ हवा असेल तर 'नन ऑफ द स्टुडंट्स पास्ड'. जो आधी येतो, त्याच्या पल्ल्यात दुसरा जातो.

या क्रमाला 'एनी'च्या बाबतीत कायद्याचं बळ आहे. एडवर्ड क्लाइमा यांनी १९६४ च्या निबंधात दाखवलं की नकारार्थी वाक्यात 'एनी'सारखे शब्द नकाराच्या कक्षेत असले तरच तग धरतात. 'आय डिड नॉट सी एनीबडी' बरोबर, कारण 'नॉट' आधी येऊन 'एनी'ला आपल्या छत्राखाली घेतं. 'एनीबडी डिड नॉट कम' चूक, कारण तिथे 'एनी' नकाराच्या बाहेर, पुढे पडलं. मराठीत 'कोणीही आलं नाही' असा क्रम आहे, नकार शेवटी येऊनही सगळ्या वाक्याला कवेत घेतो. 'एनी'च्या बाबतीत इंग्रजी नकाराची पोच मागे जात नाही, म्हणून 'नोबडी केम' असं नकारालाच कर्त्यात आणावं लागतं.

सर्वांत बारीक फरक 'रिअली'चा. 'आय रिअली डोंट नो' म्हणजे मला खरंच माहीत नाही. 'आय डोंट रिअली नो' म्हणजे मला तितकंसं नीट माहीत नाही. पहिल्यात 'रिअली' नकाराच्या बाहेर असल्याने नकाराला धार येते, दुसऱ्यात ते आत असल्याने नकार मवाळ होतो. मुलाखतीत उमेदवाराने यातलं कुठलं वाक्य वापरलं, यावरून त्याच्याबद्दलचं मत बदलू शकतं.

आपल्या शिकवण्यात काय बदलावं

महाराष्ट्रात इंग्रजी शिकवण्याची परंपरा जुनी आणि कष्टाची आहे. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर कितीतरी पिढ्या इंग्रजी शिकल्या. रेन आणि मार्टिन यांचं व्याकरण आजही घरोघरी सापडतं, आणि त्यातले रेन मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यातच होते. 'इनफ' मागून येतो, 'ओन्ली' संबंधित शब्दाच्या लगेच आधी ठेवावा, हे नियम त्या पुस्तकात आहेत. बोलताना 'ओन्ली' बहुधा क्रियापदाआधी येतो, अशी टीपही आहे. आपल्या वर्गांनी नियम घेतला आणि टीप सोडून दिली. त्याहून मोठी उणीव अशी की नियमामागचं कारण सांगितलं गेलं नाही, आणि कारणावाचूनचा नियम परीक्षेपलीकडे टिकत नाही.

मराठी माध्यमाच्या मुलाकडे हे कारण समजून घेण्याचं साधन जन्मापासून असतं. 'रवीलाच', 'पेनच', 'मीरानेच' यांतला फरक त्याला पाचव्या वर्षीही कळतो. शब्दाचा अर्थ नेमका कुठे पोचतो, ही जाण त्याच्या भाषेत हरघडी लागते. मराठीच्या आधाराने इंग्रजी शिकवणं म्हणजे मागासलेपण, अशी समजूत गेल्या काही दशकांत पसरली आहे आणि तिने या मुलांचं नुकसान केलं आहे. 'च' कुठे लागेल हे आधी विचारा, मग त्या अर्थासाठी इंग्रजीत 'ओन्ली' कुठे जाईल ते विचारा. एवढ्याने अर्धा धडा होतो.

उरलेल्या अर्ध्यासाठी चार प्रश्न पुरतात. हा शब्द समूह मोजतो की समूहाचं वर्णन करतो? त्याचा पल्ला विशेषणापुरता आहे की सगळ्या नामसमूहावर? तो क्रियापदाआधी असेल, तर त्याला जे लक्ष्य गाठायचं ते त्याच्या पुढे आहे का? आणि वाक्यात नकार असेल, तर तो नकाराच्या आत आहे की बाहेर? 'इनफ', 'मेनी अ', 'हाफ ॲन आवर' अशी थोडी नावं या प्रश्नांना दाद देत नाहीत. ती वेगळ्या यादीत ठेवून पाठ करून घ्यावीत, आणि मुलांना स्पष्ट सांगावं की इथे कारण इतिहासात आहे, तुमच्या समजुतीत काही कमी नाही.

पाठ्यपुस्तकात हे शब्द सात धड्यांत विखरून ठेवण्याऐवजी एका प्रकरणात आणता येतील. त्यासाठी नवा सिद्धान्त लागत नाही, माहिती आपल्या हाताशी आहे आणि ती मराठीत सांगता येते. ते केलं तर इंग्रजी वाक्य जुळवताना मराठी मुलगा घाबरून अंदाज बांधणार नाही. आपल्याला काय म्हणायचं आहे ते आधी ठरवेल, आणि मग शब्दाला त्याची जागा देईल.